मेमरी कार्ड संगणकात चालत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

कार्ड रीडरमध्ये घातलं आणि विंडोजने विचारलं, "ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?" नवख्या माणसाला हा सल्ला वाटतो. तो सल्ला नाही. कार्डवर जे लिहिलेलं आहे ते विंडोजला वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कार्ड बिघडलं, फोटो गेले, असं त्यातून काहीही सिद्ध होत नाही. तेच कार्ड लिनक्सच्या लॅपटॉपवर किंवा ज्या कॅमेऱ्यात फोटो काढले त्या कॅमेऱ्यात सरळ उघडू शकतं. तेव्हा 'रद्द करा' दाबा, कार्ड बाहेर काढा आणि मग पुढे वाचा.

कार्डवरची फाइल पडद्यावर दिसायची तर क्रमाने चार गोष्टी जमाव्या लागतात. रीडर आणि कार्ड यांचं आपसात जमलं पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिमला तो रीडर ओळखता आला पाहिजे. कार्डवरचं पार्टिशन टेबल, म्हणजे कार्डची जागा कुठल्या भागांत (पार्टिशनमध्ये) वाटली आहे त्याची नोंद, तिला वाचता आलं पाहिजे. आणि त्या पार्टिशनमधली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल मांडून ठेवायची पद्धत, तिला माहीत असली पाहिजे. अडचण यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे शोधणं हेच खरं काम. ते कळलं की उपाय बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांचा असतो. हे न शोधता केलेला उपाय मात्र डेटा घालवू शकतो, म्हणून हा क्रम मोडू नका.

एक सूचना: या लेखातल्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये किंवा कमांड प्रॉम्प्टवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. अक्षरांमधल्या जोडरेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहेत, त्या टाइप करायच्या नाहीत.

कार्डवर काय छापलंय ते वाचा

एसडी कार्ड १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून आणलं. पुढच्याच वर्षी त्याचं मानक सांभाळण्यासाठी एसडी असोसिएशन स्थापन झाली. तेव्हापासून कार्डचा आकार तोच राहिला, पण आतली रचना बदलत गेली, आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात. कार्ड खाचेत बसतं म्हणजे ते चालेलच, असं नाही.

क्षमतेनुसार चार पिढ्या आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत. एसडीएचसी २ जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंत, हे २००६ मध्ये आलं. एसडीएक्ससी ३२ जीबीच्या पुढे २ टीबीपर्यंत, २००९ पासून. आणि २०१८ मध्ये जाहीर झालेलं एसडीयूसी १२८ टीबीपर्यंत. मायक्रोएसडीलाही हीच विभागणी लागू आहे. कुठली पिढी ते कार्डवरच्या खुणेत लिहिलेलं असतं. अक्षरं बारीक असतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून बघा.

पिढ्यांमधला मोठा फरक पत्त्यांचा आहे. साध्या एसडीमध्ये प्रत्येक बाइटला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे ४ जीबीच्या पुढचा पत्ता लिहिताच येत नाही. एसडीएचसीने ५१२ बाइटांच्या ठोकळ्याला एक क्रमांक दिला. तेवढ्याच ३२ बिटांत पोहोच २ टीबीपर्यंत गेली. यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, फक्त साध्या एसडीसाठी बनलेला जुना रीडर एसडीएचसी कार्ड वाचू शकणार नाही. त्याच्या फर्मवेअरलाच (रीडरच्या आतल्या सॉफ्टवेअरला) नवे पत्ते कळत नसतील, तर ड्रायव्हर (यंत्राशी बोलणारं संगणकातलं सॉफ्टवेअर) किंवा विंडोज बदलून काही होत नाही. दुसरी, एसडीएचसी आणि एसडीएक्ससी यांची पत्त्यांची पद्धत एकच आहे. त्यामुळे एसडीएचसीच्या काळातले बरेच रीडर एसडीएक्ससी कार्डही वाचतात, मात्र ऑपरेटिंग सिस्टिमला एक्सफॅट ही फाइल सिस्टिम कळायला हवी. सगळेच वाचतात असं नाही, पण करून बघण्यासारखं आहे. उलट्या दिशेने अडचण नसते, नवा रीडर जुनी कार्डं वाचतो.

वेगाच्या खुणांमुळे उगाच गोंधळ होतो. दहाचा आकडा असलेला गोल, यू-१, यू-३, व्ही-३०, ए-१, ए-२ या खुणा किमान वेग सांगतात. कार्ड दिसत नाही याचं कारण त्यांत शोधू नका. यूएचएस-२ या वेगवान प्रकारच्या कार्डच्या मागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ असते. असं कार्ड साध्या रीडरमध्ये घातलं तर ती ओळ वापरली जात नाही आणि कार्ड कमी वेगाने चालतं, एवढंच.

आधी वस्तू बदलून बघा, मग सेटिंग्ज

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी साधी अदलाबदल करा. तुमच्याकडे कार्ड आहे, कदाचित मायक्रोएसडीचा अ‍ॅडॉप्टर आहे, रीडर आहे आणि पोर्ट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. नक्की चालणारं दुसरं कार्ड त्याच रीडरमध्ये घाला. ते चाललं तर रीडर ठीक. मग अडलेलं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घाला. तिथेही नाही चाललं तर संशय कार्डवर. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे चाललं हे कळणार नाही आणि उद्या पुन्हा तिथेच याल.

मायक्रोएसडीचा अ‍ॅडॉप्टर हा या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा, असं माझं मत आहे. त्याच्या आत पातळ धातूच्या पट्ट्यांशिवाय काही नसतं आणि त्या सैल होतात. मायक्रोएसडी थेट घालता येईल असा रीडर मिळत असेल तर अ‍ॅडॉप्टर बाजूलाच ठेवा. यूएसबी रीडर हबला लावलेला असेल तर तो थेट संगणकाच्या पोर्टला लावून पाहा. कार्डच्या सोनेरी पट्ट्या मळल्या असतील तर कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. घासायचा कागद किंवा पातं लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो.

लॉकच्या खटक्याकडे इथेच बघून घ्या. मोठ्या एसडी कार्डच्या डाव्या कडेला सरकणारी छोटी पट्टी असते. ती संपर्कपट्ट्यांच्या दिशेला सरकवली की कार्ड खुलं, विरुद्ध दिशेला सरकवली की बंद. या खटक्याला आतून एकही तार जोडलेली नसते. खटका कुठे आहे हे रीडरमधला एक इवलासा स्पर्शबिंदू चाचपतो आणि लिहू द्यायचं की नाही ते त्यावरून ठरतं. म्हणून एकाच कार्डला एक रीडर 'लिहायला बंद' म्हणतो आणि दुसरा सरळ लिहू देतो, असं घडतं. खटका तुटून पडला की खाच उघडी राहते, आणि उघडी खाच म्हणजे बंद कार्ड. अशा वेळी त्या खाचेवर चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला की फाइल हलवण्यापुरतं काम भागतं. मायक्रोएसडीला खटका नसतोच, तो असतो तिच्या अ‍ॅडॉप्टरला.

रीडर कुठल्या प्रकारचा आहे हेही बघा, कारण दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे की नाही याचा निवाडा इथेच होतो. बाहेरून लावायचा यूएसबी रीडर कार्डशी स्वतःच बोलतो. संगणकाला त्यातून फक्त एक साठवणीचं यंत्र दिसतं, पेनड्राइव्हसारखं. या रीडरमध्ये कार्ड अजिबात उमटत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकणं किंवा लिनक्स बदलणं हा वेळेचा अपव्यय आहे. लॅपटॉपमधल्या खाचेचं तसं नाही. तीही काही लॅपटॉपमध्ये आतून यूएसबीलाच जोडलेली असते, पण बऱ्याच ठिकाणी ती थेट मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर असते आणि तिथे कार्डशी बोलायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर करतो. त्यामुळे लॅपटॉपच्या खाचेत न चालणारं कार्ड यूएसबी रीडरमध्ये चाललं, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा कार्ड रीडरचा ड्रायव्हर उतरवून घ्या. ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी तिऱ्हाइत सॉफ्टवेअर यासाठी वापरू नका.

संगणकाला काय दिसतंय?

विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररवर विसंबू नका. अक्षर मिळालेले ड्राइव्ह तेवढेच तो दाखवतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी असते. आपली पट्टी आकारावरून ओळखा: ६४ जीबीचं कार्ड तिथे सुमारे ५९.६ जीबी दिसेल, ३२ जीबीचं सुमारे २९.८. यात फसवणूक नाही. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

त्या पट्टीवर काय लिहिलंय त्यावरून टप्पा कळतो.

पट्टीच नाही, किंवा 'नो मीडिया' असं लिहिलंय: रीडरला कार्ड जाणवलेलं नाही. अडचण पहिल्या दोन टप्प्यांत आहे, वरच्या भागाकडे परत जा.

पार्टिशन निरोगी दिसतंय पण त्याला अक्षर नाही: कार्ड ठणठणीत आहे. पार्टिशनवर राइट क्लिक करून ड्राइव्हचं अक्षर द्या. नेटवर्कवरच्या ड्राइव्हने तेच अक्षर घेतलेलं असलं की असं होतं. वर्णमालेतलं शेवटाकडचं एखादं अक्षर दिलंत तर पुन्हा टक्कर व्हायची शक्यता कमी.

'रॉ' असं लिहिलंय: पार्टिशन आहे, पण त्यातली फाइल सिस्टिम विंडोजला कळत नाही. ती विंडोजला अनोळखी असेल, किंवा ओळखीची असून तिची सुरुवातीची नोंद बिघडली असेल. यातलं कुठलं, ते कार्ड मुळात कुठल्या यंत्रात भरलं त्यावरून ठरवा. कार्ड थेट कॅमेऱ्यातून आलं असेल तर नोंद बिघडल्याची शक्यता जास्त. लिनक्सच्या यंत्रातून आलं असेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही.

एक छोटं पार्टिशन आणि पुढे मोठा अनोळखी भाग: हे हमखास रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाचं कार्ड. पहिला भाग फॅट ३२ या फाइल सिस्टिममध्ये असतो, तो विंडोजला दिसतो. दुसरा असतो लिनक्सच्या एक्स्ट ४ या फाइल सिस्टिममध्ये, त्यासाठी विंडोज फॉरमॅटची परवानगी मागते. ती दिलीत तर त्या कार्डवरची सगळी सिस्टिम पुसली जाईल. शिवाय विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीच्या आधी, काढता येणाऱ्या कार्डवरचं फक्त पहिलंच पार्टिशन वापरता यायचं. म्हणून जुन्या विंडोजवर ६४ जीबीचं कार्ड काहीशे एमबीचं भासतं. बाकीची जागा गेलेली नसते.

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा आणि व्ह्यू मेन्यूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. ते निवडल्याशिवाय यादीत फक्त व्हॉल्यूम, म्हणजे आतले भाग, दिसतात, मूळ यंत्र दिसत नाही.

लिनक्सवर निदान सर्वांत स्पष्ट होतं, म्हणून संशयास्पद कार्ड मी आधी तिथेच लावायला सांगेन. एखादं लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू केलंत तरी चालेल, संगणकावर काही बसवावं लागत नाही. टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही आज्ञा उणे-चिन्ह एफ लावून द्या. कुठलं यंत्र, त्यात किती पार्टिशनं, प्रत्येकाची फाइल सिस्टिम कोणती, हे एका तक्त्यात दिसतं. यूएसबी रीडरमधलं कार्ड एस-डी-बी अशा नावाने येतं, थेट खाचेतलं एम-एम-सी-बी-एल-के-शून्य अशा नावाने. नावावरूनच रीडर कुठल्या मार्गावर आहे ते कळतं.

मग कार्ड काढून पुन्हा घाला आणि आधी सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारा शब्द) लावून डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा द्या. शेवटच्या काही ओळी वाचा. थेट खाचेत सगळं सुरळीत असेल तर 'एमएमसी ०' या नावापुढे नवं हाय स्पीड एसडीएचसी किंवा अल्ट्रा हाय स्पीड एसडीएक्ससी कार्ड मिळाल्याची ओळ असते. तिथे 'एरर उणे ११०' दिसला तर कार्डने ठरलेल्या वेळात उत्तरच दिलं नाही. 'एरर उणे ८४' दिसला तर उत्तर आलं, पण वाटेत बिघडून आलं, पडताळणीची बेरीज जुळली नाही. उणे ८४ आला की आधी अ‍ॅडॉप्टर आणि संपर्कपट्ट्या तपासा. वेगवान यूएचएस कार्डं ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर जाऊन काम करतात. त्या वेगात सैल जोडणी निभावत नाही, जी कमी वेगात कशीबशी चालून गेलेली असते.

फाइल सिस्टिम: सर्वाधिक कार्डं इथे अडतात

कार्ड दिसतंय, आकार बरोबर दिसतोय, पण उघडत नाही. अशा बहुतेक तक्रारी या टप्प्यावरच्या असतात.

मानकाप्रमाणे ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी कार्ड फॅट ३२ मध्ये येतं आणि त्यापुढचं एसडीएक्ससी एक्सफॅटमध्ये. फॅट ३२ जवळजवळ सगळीकडे चालते, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. कार्ड निम्मं रिकामं असताना 'फाइल खूप मोठी आहे' असा संदेश आला तर कारण हेच. लांबलचक चित्रफीत ठेवायची तर एक्सफॅट हवी.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली आणि तिची अडचण जुन्या सिस्टिमवर येते. विंडोज एक्सपीला ती मुळातून कळत नाही, त्यासाठी केबी ९५५७०४ हा अपडेट लागतो. व्हिस्टाला पहिला सर्व्हिस पॅक लागतो. विंडोज ७ पासून पुढे काही करावं लागत नाही. मॅकवर १०.६.५ या २०१० च्या आवृत्तीपासून ती चालते.

लिनक्सचा इतिहास थोडा समजून घ्यावा लागतो, कारण इंटरनेटवरचे अर्धे सल्ले जुन्या काळातले आहेत. एक्सफॅटवर पेटंट होती, त्यामुळे बरीच वर्षं ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हती आणि एक्सफॅट-फ्यूज हे पॅकेज वेगळं बसवावं लागायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचं तपशीलपत्र खुलं केलं. त्याच वर्षाच्या शेवटी कर्नल ५.४ मध्ये पहिला ड्रायव्हर आला आणि २०२० मध्ये कर्नल ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला सुधारित ड्रायव्हर. आज तुमचा कर्नल ५.७ किंवा त्यापुढचा असेल तर कार्ड उघडायला सहसा काहीच बसवावं लागत नाही. फॉरमॅट आणि दुरुस्तीची साधनं मात्र एक्सफॅट-प्रॉग्ज या पॅकेजमधून घ्यावी लागतात. कर्नल त्याहून जुना असेल तरच एक्सफॅट-फ्यूजच्या वाटेला जा. कर्नलची आवृत्ती पाहायची आज्ञा आहे यू-एन-ए-एम-ई, उणे-चिन्ह आर लावून.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम कार्डवर वापरू नका, असं मी स्पष्टच सांगेन. मॅकवर ती फक्त वाचता येते, आणि कॅमेरे, रेकॉर्डर यांतल्या बहुतेकांना ती कळतच नाही. एक्स्ट ४ फक्त लिनक्सच्या यंत्रांसाठी ठेवा.

मॅकवर फॉरमॅट केलेलं कार्ड कॅमेऱ्यात अडलं तर पार्टिशन टेबल पाहा. डिस्क युटिलिटीत 'स्कीम' नावाचा रकाना असतो. तिथे जीयूआयडी निवडलं गेलं असेल तर फाइल सिस्टिम एक्सफॅट असूनही बरीच छोटी यंत्रं कार्ड नाकारतात. कार्डसाठी तिथे मास्टर बूट रेकॉर्ड निवडा. हा रकाना मूळ यंत्र निवडल्यावरच दिसतो, म्हणून 'शो ऑल डिव्हायसेस' आधी.

फोनमधून काढलेलं कार्ड कुठेच उघडत नसेल तर एक प्रश्न आधी विचारा: फोनने ते अंतर्गत साठवण म्हणून घेतलं होतं का? अँड्रॉइड ६ पासून ही सोय काही फोनमध्ये आहे. असं कार्ड फोन स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध करतो, आणि ती किल्ली त्या फोनमध्येच राहते. संगणकावर ते कार्ड म्हणजे निरर्थक आकडे, आणि कुठलंही दुरुस्तीचं साधन ते उघडू शकत नाही. डेटा हवा असेल तर कार्ड त्याच फोनमध्ये परत घाला आणि तिथून फाइल हलवा. फोन फॅक्टरी रीसेट करायचा असेल तर त्याच्या आधी. रीसेटनंतर किल्ली जाते, आणि किल्लीबरोबर डेटाही. कार्ड 'पोर्टेबल' म्हणून वापरलं असेल तर ही भानगड नसते.

वाचता येतं, लिहिता येत नाही

खटका वर पाहून झाला आहे. तो खुला असूनही लिहिता येत नसेल तर तीन शक्यता उरतात.

एक, फाइल सिस्टिममध्ये गडबड आहे. फाइल लिहिली जात असताना कार्ड ओढून काढलं की असं होतं. लिनक्सला फॅटमध्ये विसंगती सापडली की ती आणखी वाढू नये म्हणून कार्ड केवळ-वाचन अवस्थेत टाकलं जातं आणि डी-एम-ई-एस-जीमध्ये तशी नोंद दिसते. आधी कार्ड अनमाउंट करा (रीडरमध्येच ठेवून सिस्टिमपासून सुटं करा), मग त्या पार्टिशनवर एफ-एस-सी-के चालवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये सी-एच-के-डी-एस-के, ड्राइव्हचं अक्षर आणि पुढे तिरक्या रेघेसह एफ. दोन्ही साधनं कार्डवर लिहितात, म्हणून डेटा महत्त्वाचा असेल तर त्याआधी पुढचा भाग वाचा.

दोन, विंडोजने डिस्कला केवळ-वाचन अशी खूण लावली आहे. विंडोजचं डिस्क हाताळायचं साधन डिस्कपार्ट प्रशासक म्हणून उघडा. लिस्ट डिस्क या आज्ञेने यादी घ्या, आकारावरून कार्ड ओळखा, सिलेक्ट डिस्क म्हणून त्याचा क्रमांक द्या, मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली'. क्रमांक दोनदा तपासा. डिस्कपार्ट चुकीच्या डिस्कवरही तितक्याच निमूटपणे काम करतो.

तीन, कार्डचं आयुष्य संपलं आहे. फ्लॅश मेमरीच्या पेशी ठरावीक वेळाच पुसता आणि लिहिता येतात. राखीव पेशीही संपल्या की काही कार्डं स्वतःला कायमचं केवळ-वाचन करून घेतात. हे ओळखायची खूण ठळक आहे. एक फाइल पुसा, संगणक काही तक्रार करत नाही. कार्ड काढून परत घाला, ती फाइल जागच्या जागी. फॉरमॅट केलं तरी जुन्या फाइल परत येतात. याला कुठल्याही सिस्टिमवर उपाय नाही. चांगली बाजू ही की डेटा वाचता येतो, तेवढा उतरवून घ्या आणि कार्ड बाजूला ठेवा.

दुरुस्तीआधी प्रत काढा

कार्डवर एकही अशी फाइल असेल जिची दुसरी प्रत कुठे नाही, तर दुरुस्ती कार्डवर नाही, त्याच्या प्रतीवर करायची. लिनक्सवरचं डीडी-रेस्क्यू हे साधन पूर्ण कार्डची प्रतिमा एका फाइलमध्ये उतरवतं. वाचता न येणारे भाग ते सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत वळतं. ते नोंदवही ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा तिथून सुरू करता येतं. त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवा. फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघत नाही, फाइलच्या सुरुवातीच्या ओळखखुणा शोधून ती बाहेर काढतं. त्यामुळे फोटो मिळतात, पण मूळ नावं मिळत नाहीत. पार्टिशनच हरवलं असेल तर त्याचं जोड साधन टेस्टडिस्क आधी वापरून पाहा. दोन्ही मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. सापडलेल्या फाइल त्याच कार्डवर साठवू नका. ज्या शोधताय त्यांच्यावरच त्या लिहिल्या जातील.

फॉरमॅट करायचंच असेल तर

कार्ड कॅमेऱ्यात वापरणार असाल तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. हवे ते फोल्डर तो स्वतः तयार करतो. संगणकावर करायचं असेल तर एसडी असोसिएशनचं 'एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर' हे मोफत साधन मी सुचवेन. कार्डच्या क्षमतेला मानकाप्रमाणे योग्य ती फाइल सिस्टिम ते निवडतं आणि तिच्या सीमा फ्लॅश मेमरीच्या ठोकळ्यांशी जुळवून ठेवतं. त्याने वेग टिकतो.

रास्पबेरी पायचं कार्ड पुन्हा साध्या वापरात आणायचं असेल तर त्यावरची जुनी पार्टिशनं आधी उडवावी लागतात. डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून 'क्लीन' म्हणा, मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', आणि मग वरच्या साधनाने फॉरमॅट करा.

जुन्या यंत्राला फॅट ३२ च लागते आणि हातात ६४ जीबीचं कार्ड आहे, अशीही वेळ येते. विंडोजच्या फॉरमॅटच्या नेहमीच्या खिडकीने वर्षानुवर्षं ३२ जीबीपुढे फॅट ३२ चा पर्यायच दिलेला नाही. ती मर्यादा विंडोजच्या त्या साधनाची आहे, फॅट ३२ ची नाही. लिनक्सवर किंवा मॅकवर ६४ जीबीचं कार्ड फॅट ३२ मध्ये सहज होतं आणि बरीच यंत्रं ते स्वीकारतात. मानकाबाहेरची गोष्ट आहे, तेव्हा महत्त्वाचं काम त्यावर सोपवण्याआधी कार्ड पूर्ण भरून, वाचून पाहा.

कार्ड खोटं तर नाही?

पहिले काही फोटो नीट आणि पुढचे सगळे अर्धवट, करडे किंवा न उघडणारे. फॉरमॅट केल्यावर काही दिवस ठीक आणि पुन्हा तेच. ही लक्षणं दिसली की क्षमतेबद्दल शंका घ्या. खोट्या कार्डचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) संगणकाला मोठा आकडा सांगतो, पण आत मेमरी त्यापेक्षा फार कमी असते. खरी जागा भरली की पुढचा डेटा हवेत जातो किंवा आधीच्यावर लिहिला जातो. सिस्टिम कुठलीही असो, फाइलची यादी व्यवस्थितच दिसते, म्हणून लोक महिनोन् महिने सॉफ्टवेअरला दोष देत राहतात.

तपासायचा मार्ग एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि जे लिहिलं तेच परत येतं का ते वाचून पाहायचं. विंडोजवर एच-२-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ-३ ही साधनं हेच करतात. एफ-३ मध्ये आधी एफ-३-राइट, मग एफ-३-रीड. मोठ्या कार्डला काही तास लागू शकतात, लागू द्या. नवं कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी ही चाचणी करावी, परत करायची मुदत असेपर्यंत.

एवढं करूनही अडलात आणि एखाद्या जाणकाराला विचारायची वेळ आली, तर 'कार्ड चालत नाही' एवढंच सांगू नका. कार्डवर छापलेल्या सगळ्या खुणा, रीडर यूएसबीचा की लॅपटॉपचा, ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती, कार्ड शेवटचं कुठल्या यंत्रात चाललं होतं, आणि डिस्क मॅनेजमेंटचं चित्र किंवा डी-एम-ई-एस-जीच्या शेवटच्या वीसेक ओळी सोबत द्या. संदेश स्वतःच्या शब्दांत सांगू नका, पडद्यावर आहे तसा उतरवा. आणि उत्तर येईपर्यंत कार्ड रीडरमधून काढून डबीत ठेवा.